बल्ब स्वतः बदला, वायर नको: घरगुती वायरिंगच्या नियमांची पार्श्वभूमी

घोडबंदर रोड असो की नेरूळ, फ्लॅटचं काम काढायचं म्हटलं की सोसायटीच्या ऑफिसातून एक छापील फॉर्म हातात येतो. डिपॉझिट किती, राडारोडा कुठे टाकायचा, दुपारी ड्रिल कधी बंद ठेवायचं, सगळं त्यात असतं. वायरिंग करणाऱ्याचा परवाना क्रमांक लिहायला मात्र मी पाहिलेल्या फॉर्मांत रकाना नव्हता. कायदा पहिल्यांदा विचारतो ते नेमकं तेच, आणि तेही १९५६ पासून.

आपल्याकडे विजेचा कायदा आला तो मुळात धोक्याच्या भीतीपोटी. दिव्यांसाठी वीज वापरताना माणसांना आणि मालमत्तेला इजा होऊ नये म्हणून १८८७ मध्ये पहिला कायदा झाला. पुढे १९०३ आणि १९१० च्या कायद्यांनी खासगी कंपन्यांना वीजपुरवठ्याचे परवाने द्यायची घडी बसवली. ठाण्यातही ‘ठाणा इलेक्ट्रिसिटी सप्लाय’ नावाची अशी कंपनी होती. आज ते नाव आठवतं फक्त करसल्लागारांना, कारण मुंबई उच्च न्यायालयाचा एक गाजलेला आयकर निकाल त्या नावाने ओळखला जातो. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ आलं, २००५ मध्ये त्याचे तुकडे होऊन महावितरण. पुरवठादार बदलत गेले, पण मीटरच्या अलीकडची, म्हणजे घरातली जबाबदारी घरमालकाकडेच राहिली.

त्या जबाबदारीचा गाभा म्हणजे भारतीय विद्युत नियम, १९५६ मधला नियम ४५. ग्राहकाच्या जागेत नवं वायरिंग, वाढीव पॉइंट, फेरफार, दुरुस्ती, काहीही करायचं तर ते राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचं. यातून सूट आहे ती दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलण्यापुरती, आणि तीही मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. बल्ब बदलायला कोणी ठेकेदार बोलवा म्हणत नाही. पण दिव्याच्या पॉइंटवरून वायर ओढून गीझरचा सॉकेट काढला, की क्षमताही बदलली आणि स्वरूपही.

जुन्या चाळींत आणि सुरुवातीच्या इमारतींत ही रेषा कुठे ओलांडली जायची ते चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये दिसे. पांढरा फ्यूज उपसून काढायचा, दोन स्क्रूंमध्ये बारीक फ्यूज वायर ताणायची आणि परत बसवायचा, एवढं काम घरातलं कोणीही करी. वारंवार फ्यूज उडू लागला की मात्र कोणीतरी तिथे जुन्या केबलमधल्या तांब्याच्या तारांचा जाड पिळा घालून मोकळा होई. मग फ्यूज उडायचा थांबे आणि भिंतीतली वायर तापायला लागे. फ्यूज बदलायची सूट होती, असा पिळा घालायची नव्हती.

नियम जागच्या जागी राहिले, घरं बदलली. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. वाशी-नेरूळच्या तिच्या सुरुवातीच्या घरांत ट्यूबलाइट, पंखे आणि फार तर एक फ्रिज चालेल एवढाच हिशेब पुरेसा होता. वायरिंगच्या भारतीय संहितांत दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा चालत आलेली आहे. आता त्याच घरात दीड टनाचे दोन एसी आणि इन्स्टंट गीझर एकट्याचा ३ किलोवॅटचा. त्यात पीओपीचं सीलिंग करणारा इंटिरिअरवाला ‘आपला इलेक्ट्रिशियन’ घेऊन येतो. कामात तो हुशार असतोही, पण परवाना ठेकेदाराच्या नावावर लागतो, आणि तो ठेकेदार बहुतेक वेळा कोणाला ठाऊकच नसतो.

विद्युत कायदा, २००३ ने १९१० चा कायदा रद्द केला, पण नवे सुरक्षा विनियम होईपर्यंत १९५६ चे नियम चालू ठेवले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम २०१० मध्ये आले, त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. नियम ४५ नव्या क्रमांकाने जवळजवळ शब्दशः पुढे आला. खरा बदल झाला तो गळतीच्या, म्हणजे वायरमधून जमिनीकडे निसटणाऱ्या प्रवाहाच्या, संरक्षणात. पूर्वी ५ किलोवॅट आणि त्यावरच्या जोडणीला अर्थ लीकेज यंत्रणा सक्तीची होती, आता मर्यादा २ किलोवॅटवर आली आहे आणि घरगुती जोडणीत गळती ३० मिलिअँपिअरच्या वर जाण्याआधी त्या यंत्रणेने वीज तोडली पाहिजे. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आलेला आपोआप पडणारा स्विच, म्हणजे हे नव्हे, हे लोकांना कितीदा सांगावं लागतं! एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखते. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा काही मिलिअँपिअरचा प्रवाह तिच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी आरसीसीबी लागते.

टॉवरांसाठी वेगळी तरतूद जुन्या नियम ५०-अ पासून आहे: १५ मीटरपेक्षा उंच इमारतीत विद्युत निरीक्षकाच्या लेखी मंजुरीशिवाय वीज सुरू करता येत नाही. ती मंजुरी बिल्डर घेतो. ताबा मिळाल्यावर आपण भिंती फोडून नवं वायरिंग केलं, तर त्या कागदावरची घरातली मांडणी आणि प्रत्यक्षातली मांडणी यांचा मेळ राहत नाही.

म्हणून काम संपल्यावर दोन गोष्टी बघाव्यात. ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट, ज्यावर परवाना क्रमांक असतो आणि मेगरने, म्हणजे वायरवरचं आवरण वीज किती रोखतं ते मोजणाऱ्या यंत्राने, घेतलेलं इन्सुलेशनचं मोजमाप असतं. १९५६ च्या नियमांनी त्यासाठी ५०० व्होल्टला किमान १ मेगाओहम ही कसोटी घातली होती. आणि वीजबिलावरचा मंजूर भार. नव्या एसी-गीझरमुळे तो कमी पडत असेल, तर वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे ग्राहकानेच करायचा असतो.