स्पीडवे आणि सुपरक्रॉस : माती एकच, बघणं वेगळं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी ज्या मिस्त्रींकडं गाडी नेतो, त्यांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या पोराला परवा मोबाइलवर स्पीडवेची, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीची, एक हीट (एक छोटी शर्यत) दाखवली. चार गाड्या, चार फेऱ्या, एका मिनिटात विषय संपला. पोरगं म्हणालं, "काका, ह्ये त्येच न्हवं, उड्या मारत्यात त्ये? बालेवाडीत झालंतं बघा." मी म्हटलं, यात उडी एकही नाही. "मग? मातीतच पळत्यात की!"

त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडं मोटारसायकल मातीवर पळाली की ती 'डर्ट रेस', यापलीकडं कुणी वाटणी करत नाही. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या स्टेडियमवर इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तेव्हापासून तर मातीतली शर्यत म्हणजे उंच उडी असंच पोरांच्या डोक्यात बसलंय. पण कुस्ती आणि कबड्डी या दोन्हींत अंगाला माती लागते म्हणून त्या एक होत नाहीत. इथंही तसंच आहे. हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो बघणाऱ्याला, आणि नेमकं तिथंच कुणी लक्ष देत नाही.

आधी गाडीचं बघू, कारण मिस्त्रींनी पहिल्यांदा तेच विचारलं. सुपरक्रॉसला मोटोक्रॉसचीच गाडी असते, २५० किंवा ४५० सीसीची. तिला गिअर असतात, पुढं-मागं डिस्क ब्रेक असतात आणि उडीनंतरचा दणका खायला जवळपास फूटभर खाली-वर होणारं सस्पेन्शन असतं. स्पीडवेच्या गाडीला ५०० सीसीचं सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच. मागं सस्पेन्शन नाही. वजन किमान ७७ किलो, म्हणजे आपल्या रोजच्या स्कूटरपेक्षाही हलकी. आणि ब्रेक नाहीत.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "ब्रेक न्हाईत? मग आवरायची कशी?"

ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं कॉम्प्रेशनच गाडीला मागं ओढतं. शिवाय वळणावर गाडी आडवी घसरत असते, तिथं वेग आपोआप मरतो. ब्रेक नसणं हाच इथं सुरक्षेचा उपाय आहे. चौघं एकमेकांपासून हातभर अंतरावर पळतात. पुढच्यानं अचानक ब्रेक मारला तर मागचा थेट त्याच्या पाठीवर जाईल. वळण कायम डावीकडं. स्वार डावा पाय मातीवर टेकवून घसरत जातो, म्हणून त्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो. गाडी डावीकडं वळत असते आणि हँडल उजवीकडं धरलेलं असतं. हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की पुढं आयुष्यात स्पीडवे आणि सुपरक्रॉसची गल्लत होत नाही. मिस्त्री तर त्या पोलादी तळव्यावरच अडकले. असला आपण इथंच ठोकून देऊ म्हणाले, आणि ते देतील याबद्दल मला शंका नाही.

ट्रॅकचा फरक सरळ आहे. स्पीडवेचा ट्रॅक लंबगोल असतो, २६० ते ४२५ मीटरांच्या आतला. चढ नाही, उतार नाही. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला शून्य, की लगेच पुढची हीट. सुपरक्रॉसमध्ये स्टेडियमच्या आत मातीचे ढीग रचून नागमोडी वाट तयार करतात. त्यात तिहेरी उड्या आणि लाटांसारखे सलग उंचवटे. अमेरिकी स्पर्धेच्या मुख्य शर्यतीत २२ जण एकदम सुटतात आणि ४५० सीसीच्या गटात २० मिनिटं अधिक एक फेरी पळतात. जन्मकथाही वेगळ्या. सुपरक्रॉसचं मूळ १९७२ मधल्या लॉस एंजेलिस कोलिसियममधल्या शर्यतीत धरतात. डोंगरातलं मोटोक्रॉस तिथं शहरातल्या स्टेडियममध्ये आणलं गेलं. स्पीडवे त्याच्या कितीतरी आधीचा. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावात डिसेंबर १९२३ मध्ये एका जत्रेच्या मैदानावर तो रुजला, १९२८ मध्ये इंग्लंडला पोचला आणि १९३६ मध्ये वेम्ब्लीला पहिली जागतिक फायनल झाली.

आता मुद्द्याचं. कोल्हापूरच्या माणसाला हा फरक समजवायला खासबाग पुरतं.

शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं कोलोसियम पाहिलं आणि परत आल्यावर कुस्तीसाठी खासबागचं मैदान उभं केलं. १९१२ मध्ये ते खुलं झालं. मधे लाल मातीचा हौद आणि भोवती वर वर चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुणाचं डोकं आड येत नाही. पैलवानानं पट काढला की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही तो त्याच क्षणी दिसतो, म्हणून दाद एकदम उठते. स्पीडवे हा असा बघायचा खेळ आहे. सुरुवातीच्या रेषेवर आडवी ताणलेली टेप वर उडाल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत चौघंही सतत डोळ्यांसमोर असतात. हेल्मेटवर लाल, निळं, पांढरं, पिवळं कापड. लीगच्या सामन्यात लाल-निळे घरचे, पांढरे-पिवळे पाहुणे. सहा वर्षांच्या पोराला अर्ध्या मिनिटात समजतं.

सुपरक्रॉसमध्ये तसं नसतं आणि तो त्याचा दोषही नाही. २२ गाड्या ढिगाऱ्यांमागं जातात, वर उसळतात, पुन्हा दिसेनाशा होतात. आपल्या समोर येतो तो तुकडा आपला, बाकी पडद्यावर. तिथली मजा हवेतल्या त्या दीड-दोन सेकंदांची आहे आणि ती खरी आहे. पण म्हणूनच तिथल्या प्रेक्षकाला ठळक नंबर, मोठा पडदा आणि कोण कितवा हे सतत सांगणारा माणूस लागतो. हे नसलं की काय होतं ते मी भोगलंय. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका माळावर उड्यांची शर्यत होती, बहिणीला आणि भाचीला हौसेनं घेऊन गेलो. पाणी न मारलेली माती, पहिल्या वळणापासून धुरळ्याचा लोट, नंबर दिसत नाहीत, स्पीकरवर फक्त गाणी. बायकांसाठी मुतारीची सोय नव्हती. कोण जिंकलं हे न कळताच आम्ही अर्ध्यातून परतलो. बहीण त्यानंतर कुठल्याही शर्यतीला आली नाही. त्या एका दुपारी या खेळानं दोन प्रेक्षक गमावले, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यातली भाची मात्र आता नोकरीसाठी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला असते. पोलंड म्हटलं की कोल्हापूरकराला शहराजवळचं वळिवडे गाव आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित तिथल्या छावणीत राहिले होते. त्याच देशात स्पीडवे म्हणजे गावाची इभ्रत. तोरुन, लेशनो, गोझूफ, लुब्लिन अशा शहरांत लोक या खेळासाठी तसेच भांडतात जसे आपण पाटाकडील आणि दिलबहार या आपल्या फुटबॉल संघांसाठी. आत्ताच्या काळातला सर्वांत मोठा स्वार बार्तोश झ्मार्झलिकही तिथलाच; २०२५ मध्ये त्यानं सहावं जगज्जेतेपद मिळवून आयव्हन मॉजर आणि टोनी रिकार्डसन यांना गाठलं. भाचीनं मला तिथल्या लीगचा एक सामना दाखवला. मिथेनॉलचा गोडसर वास, वळणावर बसलेल्यांच्या अंगावर उडणारी बारीक खडी, आणि शेजारच्या आजींच्या मांडीवर छापील कार्यक्रमपत्रिका. प्रत्येक हीटनंतर त्या पेन्सिलीनं चौकटीत गुण भरत होत्या. भाषा कळत नसताना त्यांनी ती पत्रिका माझ्याकडं सरकवली आणि पुढच्या हीटचे गुण मला भरायला लावले. इतकं आपुलकीचं स्वागत मला कुठल्याही स्टेडियममध्ये मिळालेलं नाही.

पण तिथंच या खेळाची दुखरी बाजूही दिसली. लीगच्या सामन्यात १५ हीट. प्रत्येकी साधारण एक मिनिट. म्हणजे दोन तास बसायचं आणि प्रत्यक्ष शर्यत बघायची पंधरा मिनिटं. उरलेला वेळ ट्रॅक्टर फिरतो, पाण्याचा टँकर फिरतो, स्वार सुरुवातीच्या रेषेवर माती उकरत राहतात. सुपरक्रॉसच्या मुख्य शर्यतीत एकदा सुटले की वीस मिनिटं श्वास घ्यायला उसंत नसते. त्यामुळं सुपरक्रॉसच्या आयोजकानं सोडवायचा प्रश्न आहे 'दिसणं', आणि स्पीडवेच्या आयोजकानं सोडवायचा प्रश्न आहे 'मधला वेळ'. हे न ओळखता स्पीडवेवाले सुपरक्रॉसची नक्कल करायला जातात: आगीचे फवारे, लेसर, कर्कश संगीत. त्यानं मधला वेळ वाढतो, कमी होत नाही.

माझं ठाम मत आहे की यावरचा उपाय आपल्या कुस्तीच्या मैदानात आहे. मैदानात एक जोड सुटेपर्यंत दुसरी लंगोट लावून तयार असते. मधे हलगी थांबत नाही. आणि निवेदक! पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या वेळी कुणाला चितपट केलं, हे तो अशा आवाजात सांगतो की अनोळखी पोराच्या कुस्तीलाही जीव येतो. स्पीडवेला असा निवेदक हवा. चारही स्वार रेषेवर येताना आत कोण, बाहेर कोण, आतली जागा का बरी किंवा का वाईट, मागच्या हीटला बाहेरून कोण निघाला, हे त्यानं सांगावं. दोन मिनिटांच्या आत रेषेवर आला नाही तर स्वार बाद, हा नियम आहेच. ते घड्याळ मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसू दे. मग तोच मोकळा वेळ ताणाचा होईल.

पंचाच्या निर्णयाचंही तसंच. टेपला धडकलेला स्वार बाद होतो, काही स्पर्धांत त्याला १५ मीटर मागून सुटायची मुभा मिळते. पहिल्या वळणावर गर्दीत कुणी पडलं तर चौघांना घेऊन हीट पुन्हा होऊ शकते. नंतरच्या पडझडीत ज्याच्यामुळं शर्यत थांबली तो बाद. स्पीडवेच्या मैदानात मात्र बाद झालेल्याच्या हेल्मेटच्या रंगाचा फक्त दिवा लागतो. जाणकार हळहळतो, नवखा शेजाऱ्याकडं बघत बसतो. कारण एका वाक्यात सांगितलं आणि ती पडझड पडद्यावर पुन्हा दाखवली तर काय बिघडेल?

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र माती. स्पीडवेत सुरुवात जिंकली की बहुतेक हीट जिंकल्यात जमा, ही तक्रार जुनी आहे, आणि तिचं मूळ ट्रॅकमध्ये आहे. ट्रॅक गुळगुळीत आणि कोरडा असला की आतली एकच वाट चालते आणि चौघं आगगाडीसारखे एकामागून एक जातात. तळ घट्ट, वर ओलसर मोकळी माती आणि बाहेरच्या कुंपणालगत तिचा थर असला की मागचा स्वार तिथं चाक रुतवून वेग काढतो आणि बाहेरून पुढं जातो. प्रेक्षक उभा राहतो तो अशा एका मुसंडीसाठी. म्हणून तिकिटाच्या पैशातला पहिला रुपया ट्रॅक राखणाऱ्या माणसावर खर्च व्हावा असं मला वाटतं. हौदातल्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती जपणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

तात्पुरत्या ट्रॅकचा प्रश्नही इथंच येतो. सुपरक्रॉससाठी ट्रकांनी माती आणून ढीग रचले तर चालतात, ती रुतली-उकरली गेली तरी तो खेळाचाच भाग. स्पीडवेचा तळ दबून एकजीव व्हावा लागतो. एप्रिल २०१५ मध्ये वॉर्सॉच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ग्रां-प्री, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली एक फेरी, ठेवली होती. ५० हजारांच्या वर लोक आले. सुरुवातीचं यंत्र बिघडलं, तात्पुरता ट्रॅक उखडला, आणि १२ हीटनंतर सगळं थांबवावं लागलं. तीही टोमाश गोलोब या पोलंडच्या लाडक्या स्वाराच्या निरोपाची रात्र. त्या लोकांचा राग मी समजू शकतो. कोल्हापुरात कुणी कधी स्पीडवेचा विचार केला तर माझी विनंती एवढीच, की चार दिवसांसाठी मैदान भाड्यानं घेऊन माती ओतू नका. तीनशे मीटरचा छोटा कायमचा ट्रॅक करा, भोवती खासबागसारखी चढती बैठक, वळणाबाहेर हवेनं फुगवलेलं संरक्षक कुंपण. बायका-पोरांची बैठक सरळ बाजूला ठेवा, तिथं खडी उडत नाही. मुतारी आणि प्यायचं पाणी ट्रॅकच्या आधी बांधा.

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला युरोपातली ग्रां-प्री लागली होती. ते पोरगं घरी आलं. मी व्रोत्सवाफहून आणलेल्या पत्रिकेसारख्या चौकटी एका वहीत आखून दिल्या, पेन्सिल दिली. पहिल्या तीन हीटना गुण भरताना चुकलं. नवव्या हीटला रेषेवर गाड्या आल्या तेव्हा ते मला म्हणालं, "काका, निळा भाईर हाय, पर तितं माती हाय बघा. त्यो वरनं येनार."

दुसऱ्या फेरीला तो वरनंच आला.