जोखीम नसलेल्यांचीही हिपॅटायटिस सी तपासणी : पार्श्वभूमी

हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा, यकृत बिघडवणारा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत रक्तदात्यांची तपासणी सुरू झाली. १९९८ पासून तिथलं धोरण एवढंच होतं: सुईने नशा केलेले, १९९२ पूर्वी रक्त चढवलेले, डायलिसिसवर असलेले अशांना तपासा.

बाकीच्यांना तपासायचं का, यावर प्रतिबंधात्मक तपासण्यांबाबत सल्ला देणाऱ्या तिथल्या तज्ज्ञमंडळाने २००४ मध्ये स्पष्ट 'नको' म्हटलं. आज हे विचित्र वाटतं, पण तेव्हाचे उपचार आठवून पाहावेत. इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन, २४ ते ४८ आठवडे. ताप, नैराश्य, रक्तक्षय सोसूनही जेमतेम निम्मे बरे व्हायचे. बहुतेक बाधितांना सिरॉसिस (यकृत कायमचं व्रणग्रस्त होणं) होतही नाही आणि तपासणीने मृत्यू टळतात याचा थेट पुरावा नव्हता. इथवर मंडळाचं म्हणणं पटतं. जोखीम असलेल्यांबाबतही 'पुरावा अपुरा' म्हणून हात वर केले, ते मात्र पटत नाही. शिवाय जोखीम 'नाही' हे ठरायचं रुग्णाच्या सांगण्यावरून. विशीत दोनदा टोचून घेतलेली सुई पन्नाशीतला गृहस्थ डॉक्टरांपुढे कशाला काढेल? आणि डॉक्टर तरी कुठे विचारत होते?

२०१२ मध्ये यावर तोडगा निघाला तो जन्मसालाचा. बाधितांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक १९४५ ते १९६५ दरम्यान जन्मलेले, म्हणून त्या सगळ्यांना काही न विचारता एकदा तपासायचं. तज्ज्ञमंडळाचा मसुदा मिळमिळीत होता, पण २०१३ च्या अंतिम शिफारशीत ते ठामपणे 'तपासा' म्हणालं. त्याच डिसेंबरात सोफोसबुव्हिर हे थेट विषाणूवर मारा करणारं नवं औषध आलं. एक गोळी हजार डॉलरची, बारा आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलरचा. यकृत पुरेसं खराब झाल्याशिवाय अनेक विमा योजना पैसे देईनात. आजार शोधायचा आणि औषध अडवायचं, हा अन्यायच होता. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि इथे हेच औषध कितीतरी स्वस्तात बनू लागलं.

कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्येही जोखीम नसलेल्यांना तपासू नका असंच सांगितलं. अमेरिकेत मात्र ओपिऑइडच्या (अफूसारख्या अमली औषधांच्या) व्यसनाच्या लाटेमुळे तरुणांमध्ये संसर्ग वाढला, आणि जन्मसालाची चौकट अपुरी पडली. २०२० मध्ये १८ ते ७९ वयाच्या सर्वांना तपासण्याची शिफारस झाली, पाठोपाठ प्रत्येक गरोदरपणातही. तरी पहिल्या चाचणीत फक्त प्रतिपिंडं, म्हणजे कधीतरी संसर्ग झाल्याची खूण, कळतात आणि विषाणू अजून आहे का, हे पाहणाऱ्या दुसऱ्या चाचणीला अनेकजण परततच नाहीत. म्हणून २०२३ पासून दोन्हींसाठीचं रक्त एकाच भेटीत घ्या, अशी सूचना आहे.