अ‍ॅक्शन फिगरवरचे डिकॅल : पाण्यात टाकण्याआधी वाचा

डिकॅल (भिजवून फिगरवर सरकवायचे छापील चित्र किंवा नाव) बिघडले की पहिला संशय कागदावर जातो. कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा चूक पाण्यात बुडवण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. खालचा रंग खरबरीत राहिलेला असतो, शाईवर क्लिअर (पारदर्शक व्हार्निश) कमी पडलेला असतो, नाहीतर वाळायला वेळ दिलेला नसतो. म्हणून या पत्रकात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि चिकटवण्याला कमी.

डिकॅल ज्यावर छापतात त्या वॉटरस्लाइड कागदावर आधी पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर असतो, त्यावर पातळ पापुद्रा आणि त्यावर तुमची छपाई. भिजवल्यावर डिंक सुटतो आणि पापुद्रा चित्रासकट सरकतो. फिगरला तो धरून ठेवतो तोही हाच डिंक. त्यामुळे डिकॅल पाण्यात तरंगत ठेवून फोनवर बोलत बसू नका, डिंक सगळा धुऊन जातो.

कोणता कागद घ्यावा

इंकजेटचा आणि लेसरचा कागद वेगळा असतो. इंकजेटचा कागद लेसरमध्ये घालू नका. आतला रोलर २०० अंशांच्या आसपास तापतो, पापुद्रा त्याला चिकटला तर कागदापेक्षा दुरुस्ती महाग पडते. उलट केले, तर लेसरच्या कागदावर इंकजेटची शाई वाळतच नाही, बोट लागले की फासते.

पारदर्शक की पांढरा, हा प्रश्न आमच्या दुकानाच्या काउंटरवर रोज येतो. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, चित्रात जिथे पांढरे आहे तिथे तो कागद कोरा सोडतो. काळ्या जॅकेटवर पारदर्शक कागदावरचे पिवळे बोधचिन्ह लावले तर ते जवळजवळ दिसेनासे होते. गडद रंगावर पांढरा कागद घ्या आणि चित्राच्या अगदी कडेने कापा. कापलेल्या कडेची पांढरी रेघ उरते, तिच्यावर जॅकेटच्याच रंगाचा बारीक ब्रश फिरवा. फिकट कपड्यावर पारदर्शक कागदच बरा. ढोल-ताशा पथकातल्या वादकाची फिगर करताना पांढऱ्या कुर्त्यावरचे भगवे नाव पारदर्शक कागदावर छान बसते. बारीक कोरीव चित्र गडद रंगावर हवे असेल, तर पांढऱ्या टोनरने (लेसर प्रिंटरच्या पुडीच्या शाईने) आमच्याकडून छापून घ्या. घरी ते होत नाही.

माप आणि फाइल

सहा इंची फिगर साधारण १:१२ प्रमाणात असते, पावणेचार इंची १:१८ मध्ये. खऱ्या वस्तूचे माप त्या आकड्याने भागायचे. कुर्त्यावरचे चिन्ह प्रत्यक्षात ९ सेंमी रुंद असेल, तर १:१२ मध्ये ते साडेसात मिलिमीटर होते, १:१८ मध्ये ५. माणसाचा डोळा सुमारे ३ सेंमी रुंद, म्हणजे सहा इंची फिगरवर अडीच मिलिमीटर. एवढ्या जागेत ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) आडवे जेमतेम ६० ठिपके मावतात. म्हणून डोळ्यांत बारकावे भरू नका. बाहुली, तिच्याभोवती गडद कडा आणि वरच्या पापणीची रेघ, इतके पुरे. डोळ्याचे पांढरे आधी रंगवून घ्या आणि छापताना चार जोड्या जास्त छापा, पहिल्या प्रयत्नात दोन्ही डोळे एकाच दिशेला पाहतीलच असे नाही.

देवनागरी अक्षरे दीड मिलिमीटरपेक्षा लहान करू नका. मात्रा शिरोरेषेत बुडते आणि ‘ष्ठ’, ‘द्ध’ यांची पोटे भरून काळा ठिपका होतो. सगळीकडे सारख्या जाडीचा फॉन्ट घ्या, बोरूच्या वळणाचा नको. फाइल कोरलड्रॉची असेल तर अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकृतीत बदलून पाठवा. नाहीतर तुमच्याकडे श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये दिसणारे नाव आमच्याकडे भलतेच काहीतरी होऊन उघडते. पीएनजी असेल तर मागचा भाग पारदर्शक आणि प्रत्यक्ष मापाला ६०० डीपीआय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाऊन येते, ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

घरी छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्क्यांवर छापा. पानाच्या कोपऱ्यात ५ सेंमीची रेघ ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. आधी साध्या कागदावर छापून, कापून, फिगरवर धरून बघा. छातीवर नीट दिसणारे नाव दंडाला गुंडाळले की शेवटचे अक्षर काखेत जाते, ते इथेच कळते.

शाईवरचा क्लिअर

लेसरच्या छपाईला हा टप्पा सक्तीचा नाही, इंकजेटला आहे. बहुतेक घरगुती टँक प्रिंटरची रंगीत शाई डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात विरघळणारी असते, पाणी लागले की पसरते. छपाई तासभर वाळू द्या. मग अ‍ॅक्रिलिक क्लिअर स्प्रे २० ते २५ सेंमी अंतरावरून मारा. पहिला हात इतका हलका, की मारला की नाही अशी शंका यावी. पहिलाच हात ओला बसला तर क्लिअरमधले सॉल्व्हंट (क्लिअर पातळ ठेवणारे, उडून जाणारे द्रव) शाईला ओढून नेते. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. नंतर २४ तास हात लावू नका. कापलेल्या कडेतूनही पाणी शिरते, म्हणून पारदर्शक कागद असेल तर चित्राभोवती अर्धा मिलिमीटर जागा सोडून कापा.

पुण्यात जून ते सप्टेंबर स्प्रेचा काळ वाईट. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर साचते आणि क्लिअर दुधासारखा पांढरा पडतो. पाऊस थांबलेली, कोरडी दुपार बघून काम करा. पांढरेपणा आलाच, तर कोरड्या दिवशी वरून एक हलका हात मारल्याने बऱ्याचदा तो जातो. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास : थेंब हवेतच वाळतात आणि रव्यासारखे बसतात. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत उरकून घ्या. मास्क लावून, गॅलरीत किंवा गच्चीवर. बाथरूममध्ये मुळीच नाही.

फिगरची तयारी

साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा फिगरवर उरलेला असतो. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा आणि रात्रभर वाळवा.

जिथे डिकॅल बसणार तिथे चकचकीत थर हवाच. मॅट, म्हणजे चमक नसलेला, रंग डोळ्याला सपाट दिसला तरी बारीक खड्ड्यांचा असतो. त्या खड्ड्यांत हवा अडकते आणि वाळल्यावर पापुद्र्याखाली चंदेरी झाक दिसते. आमच्याकडे परत येणाऱ्या तक्रारींत हीच सर्वांत जास्त. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक ग्लॉस व्हार्निश ब्रशने दोन हात लावा आणि दिवसभर वाळू द्या. शेवटी मॅट व्हार्निशचा हात मारायचाच आहे, त्यामुळे फिगर चमकते म्हणून घाबरू नका.

लॅकर (सॉल्व्हंटवरचे व्हार्निश) स्प्रे सरळ मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकवर मारू नका. पीव्हीसी मऊ ठेवणारे द्रव्य वर येऊन लॅकर महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो. कडक एबीएस प्लॅस्टिकच्या धडाला हा त्रास होत नाही, मऊ हातांना आणि डोक्याला होतो. स्प्रे वापरायचाच असेल तर तळपायावर थोडा मारून दोन दिवस वाट बघा.

चिकटवणे

पाणी कोमट आणि गाळलेले घ्या. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग सोडते, ते गडद रंगावर लगेच दिसतात.

डिकॅल चिमट्याने धरून १५ सेकंद पाण्यात बुडवा, बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. ब्रशच्या टोकाने ढकलून बघा. हलत नसेल तर अजून थांबा, नखाने ओढू नका. फिगरवरच्या जागेला सेटर (खाली सांगितलेले मायक्रो सेट) लावा, कागद तिथे टेकवा आणि कागदावरून डिकॅल ब्रशने सरकवा. जागा नक्की झाली की टिश्यूचा कोपरा कडेला टेकवून पाणी शोषून घ्या. मग ओला इअरबड मधून बाहेर हलकेच फिरवा.

मायक्रो सेट (निळे लेबल) चिकटायला मदत करते, मायक्रो सोल (लाल लेबल) पापुद्रा मऊ करते, म्हणजे तो कुर्त्याच्या चुण्यांत बसतो. सेट संपले तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे चालते. सोलला मात्र स्वयंपाकघरात पर्याय नाही. सोल लावल्यावर दोन-तीन मिनिटांत डिकॅल सुरकुतते आणि बघणाऱ्याचा हात शिवशिवतो. हात लावू नका. मऊ झालेला पापुद्रा बोटाला चिकटून फाटतो, नुसता सोडला तर बहुधा आपोआप ताणला जातो. अर्ध्या तासाने गरज वाटली तर पुन्हा लावा. घरी स्प्रे केलेल्या डिकॅलवर सोल जपून वापरा, काही क्लिअर त्यात विरघळतात. एक फालतू तुकडा लावून आधी खात्री करा.

गोलाईवर, म्हणजे खांद्यावर किंवा ढोलाच्या पिंपावर, एकच मोठा तुकडा बसत नाही. चित्राच्या मोकळ्या जागेतून दोन-तीन चिरा द्या म्हणजे घडी पडत नाही. सांध्यापासून २ मिलिमीटर तरी लांब राहा. कोपर वाकले की सांध्यावरचे डिकॅल तडकणारच, त्यावर कोणतेही व्हार्निश उपाय नाही.

चंदेरी झाक उरलीच, तर बारीक सुईने तिथे टोचून सोलचा थेंब सोडा. एका दिवसानंतर ओल्या फडक्याने कडेचा डिंक पुसा आणि मॅटचे दोन पातळ हात मारा. मॅट मारला नाही तर डिंकाची कड चार दिवसांनी पिवळट दिसते आणि डिकॅल नखाने सुटते.

जागा चुकलेले डिकॅल शेवटच्या मॅटच्या आधी असेल तर निघते : ओला टिश्यू दहा मिनिटे त्यावर ठेवा, मग सेलोटेप चिकटवून उचला. मॅटनंतर मात्र १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा, तेवढा भाग परत रंगवायचा आणि ग्लॉसपासून सुरुवात करायची.