विज्ञानेश्वर

याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेचे कर्ते व हिंदू वारसाकायद्याच्या घडणीतील बहुधा सर्वांत प्रभावी धर्मशास्त्रकार. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६–११२६) याच्या काळात ते होऊन गेले. कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. कल्याणासारखे नगर, विक्रमादित्यासारखा राजा आणि विज्ञानेश्वरासारखा पंडित दुसरा नाही, असे टीकेच्या समाप्तीश्लोकात म्हटले आहे. ग्रंथाच्या नावातला मितपणा (मिताक्षरा म्हणजे मोजक्या अक्षरांची) तेवढ्यापुरता बाजूला राहिला आहे.

टीका मूळ स्मृतीप्रमाणेच आचार, व्यवहार (न्यायव्यवहार) व प्रायश्चित्त या तीन अध्यायांवर असली, तरी तिची कीर्ती मुख्यतः व्यवहाराध्यायातील दायविभागावर, म्हणजे वारशाच्या वाटणीच्या प्रकरणावर, उभी आहे. स्वामित्व हे शास्त्राने निर्माण होत नाही, ते लौकिक आहे, असे विज्ञानेश्वर तेथे मांडतात आणि शास्त्राची ओळखही नसलेल्या सीमेपलीकडच्या लोकांतसुद्धा खरेदी-विक्री चालते, असा दाखला देतात. याच विवेचनाच्या ओघात, वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क बापाच्या मृत्यूने नव्हे तर स्वतःच्या जन्मानेच उत्पन्न होतो, हे मत ते लोकप्रसिद्धीच्या आधारे प्रस्थापित करतात. ‘सपिंड’ शब्दाचा अर्थही त्यांनी पिंडदानाशी न जोडता एकाच शरीराचे अंश असण्याशी, म्हणजे रक्तसंबंधाशी जोडला. बंगालमध्ये मात्र जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’चे प्रामाण्य राहिले, त्यानुसार बाप हयात असेपर्यंत मुलाला मिळकतीत हिस्सा नसतो.

इंग्रज संस्कृतपंडित कोलब्रुक यांनी १८१० मध्ये या दोन्ही ग्रंथांतील वारसाविषयक भागांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि ब्रिटिश न्यायालयांत पंडिताची टीका कायद्याच्या पुस्तकासारखी वाचली जाऊ लागली. त्यात काही मूळचे हरवले. वारशाने, खरेदीने किंवा वाटणीत स्त्रीला मिळालेले धनही विज्ञानेश्वरांनी स्त्रीधनात धरले होते. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) ही व्याप्ती बरीच आखडली. मुंबई इलाख्यात, जेथे मिताक्षरेबरोबर नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ही मानला जाई, वारसा मिळवणाऱ्या मुलीला व बहिणीला तुलनेने अधिक हक्क राहिले. नीलकंठांचे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने मिताक्षरा सहदायकी, म्हणजे जन्मानेच हिस्सा मिळणाऱ्या पुरुषांची वडिलोपार्जित मिळकतीतील एकत्र मालकी, मोडली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, विवाहित मुलींचा अपवाद ठेवून, मुलींना सहदायाद (अशा मालकीतील हिस्सेदार) मानले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क सर्व मुलींना दिला. हा हक्क जन्मसिद्ध असल्याने दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला. पुत्रासाठी मांडलेला जन्मस्वत्वाचा सिद्धांतच येथे मुलीच्या बाजूने लागू झाला.