चौकटीच्या धंद्यातून उभी राहिलेली गॅलरी : केकू गांधी आणि केमोल्ड

केकू गांधी (१९२०–२०१२) यांचं नाव भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात गॅलरीवाले म्हणून घेतलं जातं. त्यांचा मूळ धंदा मात्र फ्रेमचा. केंब्रिजला शिकत असताना १९३९ साली ते सुट्टीवर मुंबईत आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहिलंच. इथे त्यांची गाठ पडली रॉजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थाशी. त्याच्या घरचा व्यवसाय फ्रेमच्या पट्ट्यांचा, म्हणजे मोल्डिंगचा. त्यातूनच १९४१ मध्ये ‘केमिकल मोल्डिंग्ज’ सुरू झालं आणि त्याचंच आटोपशीर रूप झालं ‘केमोल्ड’.

फ्रेम तेव्हा लागायची ती प्रामुख्याने देवादिकांच्या तसबिरींना आणि घरातल्या फोटोंना. गांधींनी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या शोरूममध्ये फ्रेमच्या जोडीने तरुण चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली. गाड्या धुण्याचं काम करणारे आरा, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवलेले हुसेन, अशी ही मंडळी. नाझींच्या धास्तीने युरोप सोडून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडी फॉन लेडेन आणि चित्रसंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्या सहवासात गांधींची नजर तयार झाली. आरा, हुसेन आदी तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ साली स्थापन झाला तेव्हा त्यांच्या पाठीशी उभं राहणारं हे छोटं वर्तुळ आधीच जमलेलं होतं. पोट भरायचं फ्रेमवर आणि जीव जडवायचा चित्रांवर, असा हा मामला.

केमोल्ड यात एकटी नव्हती. मुंबईच्या पंडोल गॅलरीची मुळंही फ्रेमच्या दुकानातच सापडतात, तर दिल्लीची धूमीमल गॅलरी स्टेशनरीच्या व्यवसायातून निघाली. निव्वळ चित्रं विकून दुकान चालेल अशी परिस्थितीच नव्हती, त्यामुळे आधी दुसरा धंदा असणं ही जवळपास अटच होती.

१९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उघडली आणि चित्रकारांना हक्काच्या भिंती मिळाल्या. पण तिथला व्यवहार भाड्याचा : चित्रकाराने हॉल घ्यायचा, स्वतःच चित्रं टांगायची, आठवडा संपला की उतरवायची. वर्षानुवर्षं एका चित्रकाराची पाठराखण करायची, गिऱ्हाईक शोधायचं, विक्रीतून आपला वाटा घ्यायचा, हे काम निराळं. ते करायला १९६३ साली गॅलरी केमोल्ड सुरू झाली आणि तीही जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर! खाली भाड्याचे हॉल, वर निवड करणारी गॅलरी. ती चालवण्यात केकूंच्या पत्नी खोर्शेद यांचा वाटा मोठा होता. लिहिणारे तो सहसा एका ओळीत उरकतात, हे काही बरोबर नाही. तैयब मेहता, भूपेन खख्खर अशा चित्रकारांशी गॅलरीचे धागे जुळले ते याच काळात.

मला स्वतःला त्यांचं सर्वांत धाडसी पाऊल वाटतं ते १९७५ चं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं त्या वर्षी केमोल्डमध्ये लागली. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहायचा, ही वारल्यांची रीत. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी पाड्यावर कागद नेला आणि म्हसे यांच्या हातातली तांदळाच्या पिठाची रेघ भिंतीवरून कागदावर उतरली. ‘लोककला’ म्हणून हस्तकलेच्या दुकानात गेली असती ती चित्रं इथे चित्रकाराच्या नावानिशी, आधुनिक चित्रकारांच्याच भिंतीवर टांगली गेली.

१९८८ पासून सूत्रं मुलगी शिरीन यांच्याकडे आली. अतुल दोडिया, जितीश कल्लाट ही पुढची पिढी. मांडणशिल्पं आणि व्हिडिओ आले, तशी जहांगीरवरची जागा अपुरी पडू लागली. २००७ मध्ये गॅलरी फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडला हलली आणि नावातही रस्ता आला : केमोल्ड प्रेस्कॉट रोड. केकूंना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ते नव्वदीला टेकले होते.