खारपाणपट्ट्यात रीफ टँक ठेवायचा तर फिल्टर कोणता?

मोबाइलवर प्रवाळाचे आणि निमो माशाचे व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या पोरांना सध्या रीफ टँकचं, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं, चांगलंच वेड लागलंय, आणि त्यांच्याकडून मला एक प्रश्न हमखास येतो, "भाऊ, आपल्या विहिरीचं पाणी आधीच खारं हाय, मंग त्यातच समुद्राचे मासे काऊन नाही जगणार?" दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना हा प्रश्न पडणारच, कारण इथं खारं पाणी ही रोजची गोष्ट आहे.

पण खारेपणा म्हणजे काही एकच वस्तू नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात क्लोराइड १९ ग्रॅम, सोडियम पावणेअकरा, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या जरा वर आणि कॅल्शियम ०.४ ग्रॅम, आणि अरबी समुद्र घ्या की पॅसिफिक, या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. प्रवाळ त्यातलंच कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून आपला सांगाडा बांधतं. आपल्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, समजा ३५०० आला, म्हणजे तोंडात धरवत नाही इतकं खारं, तरी तो समुद्राच्या दहाव्या हिश्श्याएवढाच झाला, वरून त्यात क्षारांचा मेळ वेगळा आणि वावरातल्या युरियाचं नायट्रेट झिरपलेलं असू शकतं ते निराळंच. एकानं तर लोणारचं पाणी आणू का म्हणून विचारलं. त्याचा पीएच १० च्या आसपास आहे, त्यात समुद्राचा मासा जगणार नाही, का ते पुढं येतंच. म्हणजे सुरुवात आरओच्या पाण्यात विकतचं मरीन सॉल्ट मिसळूनच करायची, दुसरा रस्ता नाही.

आता फिल्टर. बहुतेकांच्या डोक्यात फिल्टर म्हणजे घाण अडवणारी जाळी, पण टँकमध्ये जे मासा मारतं ते जाळीत अडकतच नाही, ते पाण्यात विरघळलेलं असतं. मासा खातो, त्यातल्या प्रथिनांमधला जास्तीचा नायट्रोजन कल्ल्यांतून अमोनिया म्हणून बाहेर टाकतो. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो, एक अमोनियम, जो बराचसा निरुपद्रवी, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ल्यातून थेट रक्तात शिरतो. कोणतं रूप किती हे पीएच ठरवतो. पीएच ७ ला मोकळा अमोनिया अर्ध्या टक्क्याच्या आसपास, रीफ टँकच्या ८.२ ला तोच पाच-सात टक्के, आणि लोणारसारख्या १० पीएचला बहुतेक सगळाच मोकळा. पाणी तापलं की हा हिस्सा आणखी वाढतो. म्हणून गोड्या पाण्यात जेवढा निष्काळजीपणा चालून जातो तेवढा समुद्री टँकमध्ये चालत नाही, आणि आपल्या मे महिन्यात तर नाहीच नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ईशान्य कोपऱ्यात टँक ठेवला आणि मासा मेला की "घरावरचं संकट त्यानं आपल्यावर घेतलं" असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मासा अमोनियानं मेलेला असतो. संकटाची गोष्ट सांगून त्याच पाण्यात दुसऱ्याच दिवशी नवा मासा सोडणं म्हणजे त्यालाही मारणं आहे, त्यापेक्षा अमोनियाची टेस्ट किट आणा आणि पाणी तपासा, कोपरा कोणताही असू द्या.

अमोनिया संपवतात ते सूक्ष्मजीव. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. शाळेत नायट्रोजन चक्रात हे शिकलोय, तेव्हा फक्त बॅक्टेरियाचं नाव घ्यायचे, पण २००५ साली सिएटलच्या मत्स्यालयातल्या उष्ण कटिबंधी समुद्री टँकमधून अमोनिया खाणारा एक आर्किया वेगळा करून वाढवला गेला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, आणि पुढं कळलं की खुल्या समुद्रात या कुळाची संख्या अफाट आहे. आर्किया म्हणजे कोण, तर २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ज्या सूक्ष्मजीवांचं नाव पेपरात आलं ना, त्यांचे हे लांबचे भाऊबंद. ही सगळी मंडळी खडकावर, वाळूवर, काचेवर चिकटून राहतात आणि त्यांची वस्ती नीट बसायला महिना-दीड महिना लागू शकतो. "बाटलीतले बॅक्टेरिया टाका आणि आजच मासे सोडा" या जाहिरातीवर विसंबू नका, बाटलीनं मदत होते पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचं टेस्टमध्ये दिसेपर्यंत थांबायचंच.

नायट्रेटचं काय? सच्छिद्र खडकाच्या बाहेरच्या थरातले जीव ऑक्सिजन वापरून टाकतात, आत तो उरत नाही, आणि तिथले बॅक्टेरिया मग नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात, शेवटी नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. म्हणून रीफ टँकचा खरा फिल्टर हा खडकच. पण समुद्रातून काढलेला खडक किंवा प्रवाळ विकत घेऊ नका. सगळे कठीण प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडेसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. कृत्रिम सच्छिद्र रीफ रॉक मिळतो, तो घ्या. प्रवाळ परदेशातून आलेलं असेल तर आयातीचे कागद मागा, आणि साइट्स यादीतल्या, म्हणजे ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत अशा जातीची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा. आपल्या वणी-कोरपना भागातला चुनखडक कधीकाळी समुद्राच्या तळाशीच साचलेला आहे, तो चालेल का असंही लोक विचारतात, पण तो घट्ट असतो, छिद्रं कमी, त्यामुळे आतल्या बॅक्टेरियांना जागाच मिळत नाही.

दुकानदार मात्र बहुधा कॅनिस्टर फिल्टर पुढं करतो, बंद डबा, आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा. पुण्या-मुंबईत ठीक आहे. आपल्याकडे लाइन जाते, कधी दोन तास, कधी वादळानं तार तुटली तर अख्खी रात्र. बंद डब्यात पाणी थांबलं की आतले जीव उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात, मग मरायला लागतात, डब्यात सडकं पाणी तयार होतं आणि लाइन आली की पंप ते सगळं टँकमध्ये ढकलतो. खडक उघड्या पाण्यात असतो, तिथं एवढं पटकन बिघडत नाही. आपल्यासाठी फिल्टर निवडायची माझी कसोटी हीच आहे की तो चालू असताना काय करतो यापेक्षा बंद पडल्यावर काय करतो ते आधी बघायचं.

खडकाच्या जोडीला हवा प्रोटीन स्किमर, आणि याच्यावर मला सविस्तर बोलायचंय कारण एवढं सुंदर भौतिकशास्त्र दुसऱ्या कोणत्या घरगुती यंत्रात मला तरी दिसलं नाही. तुरीची डाळ शिजायला ठेवली की वर फेस येतो आणि आई तो पळीनं काढून टाकते, स्किमर तेच काम थंड पाण्यात चोवीस तास करतो. माशाची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळाचा चिकट स्राव यातून प्रथिनं आणि स्निग्ध आम्लं पाण्यात येतात. यातल्या पुष्कळ रेणूंचा एक भाग पाण्याला धरून राहतो आणि दुसरा भाग पाणी टाळतो. असा रेणू पाण्यात फिरता फिरता हवेच्या कडेला पोचला की तिथंच अडकतो, पाणी टाळणारा भाग हवेकडे करून. म्हणजे आपल्याला काय हवं, तर हवा आणि पाण्याची भरपूर कड, आणि ती मिळते बुडबुड्यांतून.

किती मिळते ते काढून बघू. गोल बुडबुड्यांचं एकूण क्षेत्रफळ म्हणजे सहा गुणिले हवेचं आकारमान भागिले व्यास. एक लिटर हवा १ सेंटिमीटरच्या बुडबुड्यांत सोडली तर ०.६ चौरस मीटर, १ मिलिमीटरच्या बुडबुड्यांत ६ चौरस मीटर, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या केल्या तर १२, म्हणजे जवळपास १३० चौरस फूट. हवा तेवढीच, पृष्ठभाग वीसपट. वर छोटा बुडबुडा हळू चढतो, म्हणजे त्याला रेणू गोळा करायला वेळही जास्त मिळतो. मोठी प्रथिनं पाण्यात सावकाश सरकतात, म्हणून हा वेळ लागतोच, आणि म्हणून काही स्किमरमध्ये पाणी वरून खाली आणि बुडबुडे खालून वर असा उलटा प्रवाह ठेवतात, ज्यात जवळपास स्वच्छ झालेलं पाणी खाली ताज्या, रिकाम्या बुडबुड्यांना भेटतं आणि सगळ्यात घाण पाणी वर भरत आलेल्या बुडबुड्यांना, त्यामुळे पूर्ण उंचीभर रेणू पाण्यातून बुडबुड्याकडे जात राहतात. मात्र बुडबुडे फारच बारीक झाले तर ते वर चढायच्या ऐवजी पाण्याबरोबर वाहून मुख्य टँकमध्ये येतात.

मग हाच स्किमर गोड्या पाण्याच्या टँकला का लावत नाहीत? कारण मीठ. दोन बुडबुडे एकमेकांजवळ आले की मधला पाण्याचा पातळ पडदा निथळून फाटतो आणि दोघांचा एक मोठा बुडबुडा होतो. समुद्राइतकं मीठ असलं की हे एकत्र येणं अडतं आणि बुडबुडे छोटेच राहतात. घरी करून बघा, दोन सारख्या बाटल्यांत अर्धी अर्धी बाटली आरओचं पाणी घ्या, एकीत लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशोबानं मीठ विरघळवा, दोन्ही जोरात हलवा, खाऱ्या बाटलीत क्षणभर दुधासारखं पांढरट दिसेल आणि साध्या बाटलीत मोठे बुडबुडे पटकन वर येऊन फुटतील. लेकरांना दाखवा, त्यांना आवडतं.

यानंतर फेस स्किमरच्या मानेत चढतो, चढता चढता बुडबुड्यांमधलं पाणी खाली निथळतं, प्रथिनं मागं राहतात, आणि कपात पडतो काळ्या चहाच्या रंगाचा घाण वासाचा अर्क. जी घाण सडून अमोनिया झाली असती ती आधीच बाहेर गेली. पण नीट लक्षात ठेवा, अमोनिया आणि नायट्रेट स्किमर काढत नाही, कारण ते पाण्यातच खूश असतात, हवेच्या कडेला जात नाहीत. "स्किमर घ्या, पाणी बदलायची गरजच नाही" असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे लहान टँकला भला मोठा स्किमर घेऊ नका, घाण कमी पडली की फेस टिकतच नाही. तेलकट खाणं टाकलं तरी फेस काही तास बसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

त्याच बुडबुड्यांतून ऑक्सिजनही मिळतो, आणि आपल्याकडे याची किंमत मोठी. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास आणि ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. बरीचशी प्रवाळं ३० च्या वर काही दिवस राहिली की पांढरी पडू लागतात, आणि बाहेर तर ४५. इथं कोरडी हवा कामाला येते. २०० लिटरच्या टँकमधून १ लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर बाकीचं पाणी जवळपास ३ अंशांनी उतरेल इतकी उष्णता घेऊन जातं, त्यामुळे संपच्या, म्हणजे टँकखाली ठेवायच्या फिल्टरच्या उघड्या टाकीच्या, पाण्यावर एक साधा छोटा पंखा लावला तर उन्हाळ्यात चांगलाच फरक पडतो. पावसाळ्यात दमट हवेत तो तेवढा चालत नाही. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागंच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या बिनमिठाच्या पाण्याची, आणि रोज.

तर २०० लिटरच्या टँकला मी सांगेन, १५ ते २० किलो सच्छिद्र रॉक, टँकखाली उघडा संप, त्यात मध्यम स्किमर, आत पाणी हलतं ठेवणारा एक वेव्हमेकर पंप आणि मासे मोजकेच, निमोची एक जोडी पुरे. संप काठोकाठ भरू नका, लाइन गेली की वरचं पाणी उतरून खाली येतं, तेवढी जागा रिकामी हवी, आणि वर पाणी नेणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडा म्हणजे उलटं ओढणं तिथंच तुटतं. शेवाळाचा कप्पा, कार्बन, फॉस्फेट काढणारी दाणेदार मीडिया हे सगळं वर्षभरानं बघू. भारनियमनासाठी बॅटरी फवारणी पंपात असते तसली १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, पण नवी कोरी, वापरलेल्या पंपातली नको. ५ वॅटचा डीसी वेव्हमेकर तिच्यावर रात्रभर चालतो.

आरओचं पाणी टीडीएस मीटरनं तपासा, गावातल्या आरओ प्लँटच्या कॅनमध्ये किंवा घरच्या मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात, आपल्याला शून्याच्या जवळ हवं, त्यासाठी पुढं डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी जोडावी लागते. ते पाणी तांब्या-पितळेच्या हंड्यात साठवू नका, तांब्याचा अंश प्रवाळ आणि कोळंबीला मारतो, प्लॅस्टिकचा स्वच्छ ड्रम घ्या. आणि स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळत असतो हे विसरू नका. पऱ्हाटीवरच्या फवारणीच्या दिवसांत औषधाचे डबे आणि पंप त्या खोलीत ठेवायचे नाहीत, डासांची कॉइलही लावायची नाही, कारण त्यातली पायरेथ्रॉइड वर्गाची रसायनं मासे आणि कोळंबीला फार थोड्या मात्रेतही विषारी असतात. वावराकडून वारा येत असेल तर त्या बाजूची खिडकी फवारणी संपेपर्यंत लावून घ्या.