गोळी ‘गरम पडली’, तर नोंद कुठे करायची?

‘गोळी गरम पडली’ म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. गोळी बंद, दोन दिवस ताक-भाकर, झालं. पण अंगावर गांध्या उठल्या, तोंड सुजलं, चक्कर आली, तर त्याची सरकारी नोंद होऊ शकते. ती रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात, डॉक्टरच हवा असं नाही.

देशात 2010 पासून फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा कार्यक्रम आहे. मुख्य केंद्र गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन. टोल-फ्री नंबर 1800-180-3024, कामाच्या दिवशी सकाळी 9 ते सायंकाळी 5:30. त्यांच्या वेबसाइटवर रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. नागपूर-सेवाग्रामला दवाखान्यात जाणारच असाल, तर तिथं एडीआर सेंटर, म्हणजे औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणारं केंद्र, विचारा.

आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, काही लागत नाही. फीही नाही. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं, वय, औषध, डोस, कधी सुरू केलं, त्रास कधी नि काय झाला, सोबत आणखी काय घेत होता, आणि कळवणाऱ्याचा संपर्क, एवढं द्यायचं. औषधानंच झालं हे सिद्ध करायचं नसतं, शंका पुरे.

अडतं ते गोळ्यांच्या पट्टीपाशी. माझ्या मावशीचे बीपीच्या गोळीनं पाय सुजले. घरात चार गोळ्यांचा कापलेला तुकडा. बॅच नंबर नि एक्सपायरी दुकानातल्या उरलेल्या अर्ध्यात! तेव्हापासून मी पूर्ण पट्टीचा फोटो काउंटरवरच काढतो. बिलही मागतो.

औषधाच्या माहितीपत्रकात ‘सामान्य’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना होणारा त्रास. ‘अतिदुर्मिळ’ म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी. बाजारात येण्याआधीच्या चाचण्या बहुधा काही हजार लोकांवरच होतात, त्यात असा दुर्मिळ त्रास निसटतो. शिवाय सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेला, मे महिन्याच्या चंद्रपुरी उन्हात राबणारा माणूस त्या चाचणीत कितीसा असणार? तो दिसतो तो अशा नोंदींतूनच.

यातून भरपाई मिळत नाही, डॉक्टरवर कारवाईही होत नाही. श्वास लागला, तर फॉर्म राहू द्या, आधी 108. टीबीच्या औषधानं लघवी लालसर होतेच, तेवढ्यासाठी कोर्स सोडू नका. बीपीची, फिटची गोळीही डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवायची नाही. लसीनंतरचा त्रास मात्र थेट आशाताई किंवा एएनएमला (उपकेंद्रातल्या नर्सताईला) सांगा.